राजाच्या रानांतील तांबें आणि सोनें

इंग्लंडच्या राजघराण्यांत गेलीं शंभर वर्षें एक रीत चालत आली आहे. लग्नांत वधूच्या बोटांत जी अंगठी घालावयाची तिचें सोनें वेल्स प्रांतांतील असावें, ही ती रीत. १९२३ सालीं लेडी एलिझाबेथ बोझ-लायन यांचें लग्न झालें, तेव्हां त्यांच्या अंगठीचें सोनें वेल्समधील क्लोगाय नांवाच्या खाणींतून आलें होतें. १९४७ सालीं त्यांच्या कन्येच्या, म्हणजे पुढें राणी झालेल्या दुसऱ्या एलिझाबेथच्या, अंगठीचें सोनें त्याच खाणींतलें. २०११ सालीं विल्यम राजपुत्राच्या वधूला मिळालेली अंगठीहि वेल्सच्याच सोन्याची. वर्तमानपत्रांतून या हकीकती वाचणाराची सहजच अशी समजूत होते कीं, वेल्समध्यें कोलारसारखी एखादी मोठी खाण असली पाहिजे. वस्तुस्थिति तशी नाहीं. हें सोनें ज्या डोंगरांत आहे तेथें लोक प्रथम गेले ते सोन्यासाठीं नव्हे. ते तांबें काढावयास गेले होते. आणि त्या मुलुखांतील तांब्याची कथा सोन्याच्या कथेपेक्षां अधिक विचार करावयास लावणारी आहे. श्रोतेहो, ती आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे.

प्रथम जागा समजून घेऊं. वेल्सच्या वायव्य भागांत मौधाख नांवाची एक लहानशी नदी आहे. ती डोंगरांतून उतरून डोलगेथ्लाय या गांवाच्या बाजूनें जाते आणि बारमथ येथें समुद्रास मिळते. मिळण्यापूर्वीं तिचें पात्र रुंद होऊन तिची एक सुंदर खाडी बनली आहे. ओहोटीच्या वेळीं वाळूचे पट्टे उघडे पडतात, दोन्ही अंगांना झाडी आणि तिच्यावर डोंगर. आपल्या कोंकणांतील माणसाला हा देखावा अगदींच परका वाटणार नाहीं. खाडीच्या उत्तर अंगाला बोंटधी नांवाचें खेडें आहे, त्याच्यावरच्या डोंगरांत क्लोगायची खाण. तेथून सहा-सात मैलांवर ईशान्येस, नदीच्या वरच्या अंगाला, कोइड-अ-ब्रेनिन म्हणजे राजाचें रान आहे. हें नांव जुनें नाहीं. पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षें झालीं त्या निमित्तानें १९३५ सालीं तें देण्यांत आलें. जातां जातां सांगतों कीं, वेल्श नांवें रोमन लिपींत वाचूं गेल्यास इंग्रज मनुष्यहि अडखळतो.  आपली देवनागरी या कामीं पुष्कळच सोयीची, कारण 'ध' आणि 'ख' यांच्या जवळचे आवाज त्या भाषेंत भरपूर आहेत.

आतां खडकांकडे वळूं. आपला महाराष्ट्र ज्या काळ्या पाषाणाचा झाला आहे, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. मौधाखच्या खोऱ्यांतील खडक त्याच्या सातआठ पट जुने, म्हणजे पन्नास कोटि वर्षांच्या आसपासचे आहेत. ॲडम सेजविक या केंब्रिजच्या अध्यापकानें १८३५ सालीं या काळास 'कँब्रियन' असें नांव दिलें, आणि तें वेल्सच्याच कँब्रिया या लॅटिन नांवावरून. आज जगांतील कोणत्याहि देशांतले त्या वयाचे खडक याच नांवानें ओळखले जातात. हे सर्व मूळचे समुद्रतळाचे थर. वाळू आणि चिखल एकावर एक सांचून ते झाले आणि पुढें पृथ्वीच्या दाबानें मधोमध फुगून वर उचलले गेले. मी वर्गांत भूगोल शिकवीत असें तेव्हां हा प्रकार कांद्यावर दाखवीत असें. अर्धा कांदा पालथा ठेवावा आणि त्याचा माथा सुरीनें उडवावा. मग वलयें दिसूं लागतात, आणि मधलें वलय हें सर्वांत आंतल्या, म्हणजे सर्वांत जुन्या, थराचें असतें. हार्लेकचा घुमट म्हणून प्रसिद्ध असलेला हा प्रदेश तसाच आहे. ऊनपावसानें त्याचा माथा केव्हांच झिजून गेला, आणि थरांच्या कडा वलयांसारख्या उघड्या पडल्या. त्यांपैकीं एका वलयांत काळ्या, पाटीसारख्या खडकाचा थर आहे. त्यांत कोळशाचा आणि लोहमाक्षिकाचा, म्हणजे लोखंड व गंधक यांच्या पिवळ्या खनिजाचा, अंश पुष्कळ आहे. त्या थरास क्लोगायचाच थर म्हणतात.

या घुमटाच्या दक्षिण आणि पूर्व कडांना खडक तडकले. त्या भेगांतून खोलवरचें ऊन पाणी वर चढलें आणि तें निवतांना गारगोटीच्या शिरा मागें राहिल्या. शिरेंत ताम्रमाक्षिक आहे, शिशाचें आणि जस्ताचें खनिज आहे, आणि क्वचित् सोनें आहे. तें कोठें असतें याचा एक नियम खाणकामगारांनीं अनुभवानें बसविला आणि पुढें भूगर्भशास्त्रज्ञांनीं तो मान्य केला. शीर ज्या ठिकाणीं त्या काळ्या थराला छेदते किंवा त्याच्या निकट येते तेथें सोन्याची आशा धरावी. इतरत्र धरूं नये. काळ्या खडकांतील कोळशाचा व माक्षिकाचा पाण्याशीं संयोग होऊन विरघळलेलें सोनें खालीं बसलें, असें त्याचें स्पष्टीकरण देतात. परंतु तेथेंहि तें सारखें पसरलेलें नाहीं. शिऱ्यांतील बेदाण्याप्रमाणें तें लागलें तर मूठभर लागतें, आणि पुढें कित्येक हात खणलें तरी एक कण दृष्टीस पडत नाहीं. क्लोगायच्या सर्व उत्कर्षाचें आणि सर्व दिवाळ्यांचें मूळ या एका गोष्टींत आहे.

राजाच्या रानांतील तांब्याची घडण मात्र वेगळी. सुमारें एकोणपन्नास कोटि वर्षांपूर्वीं या बाजूस ज्वालामुखी होते. त्यांच्या मुळांशीं तप्त रस जमिनीखालींच गोठला, आणि गोठतांना त्यांतून निघालेल्या उष्ण द्रवांनीं भोंवतालचा खडक केसासारख्या असंख्य भेगांनीं चिरून टाकला. त्या भेगांतून ताम्रमाक्षिक बसलें आणि त्याबरोबर सोन्याचा अगदीं सूक्ष्म अंश. हें तांबें बेदाण्यासारखें नव्हे, तर कणकेंतल्या मिठासारखें आहे. तें सर्वत्र आहे, आणि म्हणूनच डोळ्यांस दिसत नाहीं.

डोळ्यांस दिसत नसलेलें हें तांबें लोकांच्या हातीं प्रथम लागलें तें एका चमत्कारिक वाटेनें. डोलव्रुइनोग नांवाच्या शेताजवळ एक दलदल होती. थंड आणि ओल्या देशांत अशा दलदलींतून शेवाळ व गवत अर्धवट कुजून थरावर थर सांचतात. त्याला पीट म्हणतात. तें कुदळीनें विटांसारखें कापून, वाळवून चुलींत जाळण्याची तिकडे पूर्वापार वहिवाट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं असें आढळून आलें कीं, या दलदलींतील पीट जाळल्यावर उरणाऱ्या राखेंत तांबें आहे. मग काय विचारतां! भट्ट्या उभारल्या गेल्या. पीट कापावें, वाळवावें, जाळावें आणि राख गलबतांतून दक्षिण वेल्समधील स्वान्सीला धाडावी, असा धंदा सुरू झाला. स्वान्सी हें त्या काळीं तांबें गाळण्याचें जगांतील सर्वांत मोठें केंद्र होतें. खाण म्हटली कीं भुयार, दिवा, सुरुंग हीं आपल्या डोळ्यांपुढें येतात. येथें मात्र कुदळीनें दलदल कापून आणि चुलींत जाळून लोक तांबें मिळवीत होते. अशी खाण दुसरीकडे क्वचितच झाली असेल. तिला 'पीटची तांब्याची खाण' असेंच नांव पडलें.

यामागील रसायन कठीण नाहीं. डोंगरांतील माक्षिकाला हवा आणि पाऊस लागला कीं त्यांतील गंधकाचें गंधकाम्ल होतें. त्या अम्लानें तांबें विरघळून मोरचूद बनतो, आणि मोरचुदाचें पाणी झिरपत झिरपत उताराला येतें. वाटेंत दलदल लागली म्हणजे तींतील कुजलेला वनस्पतींचा गाळ तांब्याला धरून ठेवतो. पाणी पुढें जातें, तांबें मागें राहतें. हजारों वर्षें असें चालल्यावर दलदलीचेंच खनिज झालें. निसर्गानें डोंगर धुऊन त्याचें तांबें एका वाटींत जमा करून ठेवलें होतें.

येथें एक प्रश्न आपोआप उभा राहतो. वाटींत आलेलें तांबें डोंगरांतून आलें, तर डोंगरांत तें कोठें आहे? तेव्हांच्या खाणवाल्यांनाहि हा प्रश्न पडला, आणि त्यांनीं डोंगर उकरून पाहिला. परंतु ते शीर शोधीत होते. तांबें म्हणजे शीर आणि शीर म्हणजे तांबें, हें समीकरण त्यांच्या मनांत पक्कें बसलेलें होतें. मनाजोगी शीर सांपडली नाहीं, चांगलें पीट संपलें, भट्ट्या विझल्या, आणि माणसें निघून गेलीं. डोंगर मुळीं सबंधच तांब्याचा असूं शकेल, हें त्यांना सुचलें असतें तरी उपयोग नव्हता. कारण शंभर शेर दगडांतून पावशेर-अर्धा शेर तांबें काढण्याची विद्या तेव्हां अस्तित्वांत नव्हती. म्हणून त्यांना दोष देणें मला रास्त वाटत नाहीं. दलदलीनें उत्तर सांगितलें होतें, तें ऐकणाराचा काळ अद्याप यावयाचा होता.

सोन्याकडे येण्यापूर्वीं इंग्लंडच्या कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तांबें आणि सोनें एकाच दगडांत निघालें म्हणजे मालक कोण, हा वाद तेथें फार जुना आहे. १५६८ सालीं नॉर्थम्बरलंडच्या अर्लाच्या जमिनींत, केझिक गांवाजवळ, तांबें निघत होतें. पहिल्या एलिझाबेथ राणीनें त्यावर हक्क सांगितला. न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, सोन्याच्या आणि रुप्याच्या खाणी राजाच्याच; आणि तांब्याच्या दगडांत त्यांचा अंश असला, तर ती सबंध खाणहि राजाची. या निकालाचा परिणाम उघडच होता. ज्याच्या शेतांत तांबें असेल तो तें झांकूनच ठेवणार! अखेर १६८८ आणि १६९३ सालच्या कायद्यांनीं तांबें, कथील, लोखंड व शिसें यांच्या खाणी, त्यांत सोन्यारुप्याचा अंश असला तरी, मालकांच्या हातीं राहतील असें ठरविलें. निव्वळ सोन्याची खाण मात्र राजाचीच राहिली. हा धागा लक्षांत असूं द्यावा.

१८४४ सालीं आर्थर डीन नांवाच्या एका गृहस्थानें ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या सभेपुढें एक टिपण ठेवलें. मौधाखच्या वरच्या खोऱ्यांत कुमहायशन येथील शिशाच्या खाणींत आपणांस सोनें आढळलें, असें त्यांत म्हटलें होतें. पुढें दहाएक वर्षांत कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया येथील सोन्यानें साऱ्या युरोपचें लक्ष वेधून घेतलें, आणि घरच्या डोंगराकडेहि लोक निराळ्या दृष्टीनें पाहूं लागले. १८५४ सालीं क्लोगायच्या तांब्याच्या खाणींतून निघालेल्या दगडांत सोनें ओळखलें गेलें. त्याच सालीं सरकारी भूगर्भ-पाहणीचे अँड्र्यू रॅमझे यांनीं या प्रदेशांतील सोन्यावर निबंध लिहिला. तरी काम नेटानें सुरू व्हावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. १८६२ सालीं क्लोगायनें पांच हजार औंसांहून अधिक सोनें दिलें. झालें! डोलगेथ्लायच्या भोंवतीं वीसहून अधिक खाणी निघाल्या आणि लंडनच्या बाजारांत त्यांचे भाग खपूं लागले. पुढच्याच वर्षीं क्लोगायचें उत्पन्न एकदम घसरलें. मघाशीं सांगितलेला शिऱ्याचा आणि बेदाण्याचा दृष्टांत भाग विकत घेणारांच्या कानीं कोणी घातला नव्हता. बहुतेक खाणींतून भागीदारांना दगडाखेरीज कांहीं मिळालें नाहीं.

एक पिढी उलटली, आणि विल्यम प्रिचर्ड मॉर्गन यांच्या रूपानें एक विलक्षण पुरुष या खोऱ्यांत आला. ते ऑस्ट्रेलियांत वकिली करून परतलेले होते. त्यांनीं राजाच्या रानाच्या वरच्या टोंकाशीं असलेली ग्विनव्हनिध नांवाची खाण हातीं घेतली, आणि १८८७ सालीं त्यांना तेथें सोन्याचा एक समृद्ध खिसा लागला. वर्तमानपत्रांनीं त्यांना 'वेल्सचा सुवर्णराजा' हा किताब दिला. १८८८ सालीं ते मर्थिर टिडव्हिलहून पार्लमेंटांतहि निवडून आले. इतक्यांत सरकारनें विचारलें कीं, सोनें राजाचें असतांना आपण तें कोणाच्या परवानगीनें काढतां? मॉर्गन यांनीं बचाव केला तो त्या जुन्या कायद्यांच्या आधारें. या दगडांत तांबें-शिसें आहे, तेव्हां ही सोन्याची खाणच नव्हे, असा त्यांचा मुद्दा. वकिली डोक्याला शोभणारा मुद्दा खरा! परंतु १८९१ सालीं न्यायालयानें तो मानला नाहीं. तांब्याशिशासाठीं ही खाण कोणी चालविली नसती. ती चालते सोन्यासाठीं. म्हणून ती राजाची, असा निर्णय झाला. मला या निकालाचें महत्त्व खटल्यापुरतें वाटत नाहीं. दगडांत कोणते धातु आहेत यापेक्षां माणूस त्या दगडाकडे कशासाठीं येतो यावरून खाणीची जात ठरली, आणि हीच कसोटी या खोऱ्याच्या सबंध इतिहासाला लागू पडते.

क्लोगायचा खरा बहर आला तो १९०० सालाच्या पुढेंमागें, सेंट डेव्हिड नांवाच्या शिरेवर. १९११ पर्यंत तो ओसरला. १८६२ पासून १९११ पर्यंतचा एकूण हिशेब असा आहे: खनिज निघालें १,६५,०३१ टन, आणि त्यांतून सोनें मिळालें ७८,५०७ औंस. आपल्या मापानें बोलावयाचें तर टनामागें सरासरी सव्वा तोळा सोनें. पन्नास वर्षांच्या उठाठेवीचें सर्व सोनें एकत्र केलें तर अडीच हजार किलोंच्या आंत भरतें. कोलारच्या खाणींनीं आपल्या आयुष्यांत सुमारें आठशें टन सोनें दिलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे राजघराण्याच्या अंगठ्यांचा उगम किती लहान होता हें कळून येईल. अंगठ्यांना तो पुरला, कारण अंगठ्या थोड्या आणि सोनें दुर्मिळ. दुर्मिळ म्हणूनच त्याला बाजारांत इतर सोन्याहून अधिक किंमत येते. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें मात्र वेल्सचें सोनें आणि कोलारचें सोनें यांत कांहींच भेद नाहीं.

दरम्यान जगांत तांब्याची विद्याच पालटली. अमेरिकेंत युटा संस्थानांत बिंगहॅम येथें १९०६ पासून वाफेच्या यंत्रांनीं सबंध डोंगर उकरून त्यांतील विखुरलेलें हलकें तांबें काढूं लागले. शीर हवी, ही अट गळून पडली. वीज, तारायंत्र, मोटार यांना तांबें हवेंच होतें, आणि जो दगड आजवर टाकाऊ होता तो खनिज ठरला. दलदलीनें सांगितलेल्या उत्तराला आतां ऐकणारे मिळाले.

ते आले १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. रिओ टिंटो झिंक या बलाढ्य कंपनीच्या शोध-शाखेनें राजाच्या रानांत मातीचे नमुने घेतले, त्यांतील तांब्याचें प्रमाण मोजून नकाशावर मांडलें आणि जेथें आंकडे चढले तेथें विंधणी लावली. जमिनीखालून काढलेल्या दगडाच्या कांड्या तपासून जो अंदाज बांधला गेला तो असा कीं, सुमारें वीस कोटि टन खडकांत शेंकडा ०.३ तांबें आहे, आणि सोन्याचा लेश. म्हणजे सहा लाख टन तांबें. पीट कापणारे ज्या डोंगराच्या पायथ्याशीं राबले त्याच भागांत हें तांबें होतें. पुढें १९८६ सालीं या ताम्रयुक्त दलदलींचा पद्धतशीर अभ्यासहि प्रसिद्ध झाला, आणि अशा दलदलींवरून डोंगरांतील तांब्याचा माग काढतां येतो असें दाखविण्यांत आलें. दीडशें वर्षांपूर्वींच्या कुदळीवाल्यांना हें वाचून हंसूं आलें असतें.

आंकडे ऐकतांना मोठे वाटतात, म्हणून त्यांची दुसरी बाजू पाहूं. शेंकडा ०.३ म्हणजे एक टन तांब्यासाठीं तीनशें तेहतीस टन खडक फोडून, दळून, धुऊन टाकणें आलें. वीस कोटि टन दळलेला दगड ठेवावयाचा कोठें? ही जागा १९५१ सालीं स्थापन झालेल्या स्नोडोनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत पडते. त्याच सुमारास त्याच कंपनीनें मौधाखच्या खाडींतील वाळू उपसून सोनें मिळतें का, हें पाहण्याचाहि बेत जाहीर केला. आणि वादळ उठलें. 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' ही संस्था तेव्हां इंग्लंडांत नुकतीच निघाली होती. तिनें हें प्रकरण उचलून धरलें. वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवर, पार्लमेंटांत चर्चा झाली. खाणकाम आणि निसर्ग यांची सांगड कशी घालावी हें पाहण्यासाठीं लॉर्ड झुकरमन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति बसली आणि १९७२ सालीं तिनें अहवाल दिला. या समितीचा खर्च खाणकंपन्यांनींच सोसला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या वादांत एक पक्ष सज्जनांचा आणि दुसरा दुर्जनांचा, असें चित्र काढणें सोपें आहे. पण तें खरें नव्हे. त्या मुलुखांतील पाटीच्या दगडाच्या खाणी एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या. तरुण मुलें पोटासाठीं घर सोडून इंग्लंडच्या शहरांत जात, आणि त्यांच्याबरोबर वेल्श भाषाहि घराबाहेर पडे. खाण निघाली तर कांहीं मुलें घरीं राहतील, असें म्हणणारा बाप निसर्गाचा शत्रु नसतो. आपल्याकडे कोंकणांतील माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं, तो अनुभव ज्यांच्या घरांत आहे त्यांना या बापाचें मन समजावून सांगावें लागणार नाहीं. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, खाण वीस-पंचवीस वर्षांत संपेल, नोकऱ्याहि तिच्याबरोबर संपतील, आणि खड्डा तेवढा राहील. डोलगेथ्लायच्या लोकांत दोन्ही मतें होतीं, आणि दोन्ही मतें देणारे तेथेंच जन्मलेले होते.

१९७३ सालीं कंपनीनें माघार घेतली. विरोधापुढें ती नमली असें एक बाजू म्हणते. इतक्या हलक्या दगडांतून फायदा निघत नाहीं हें हिशेबानें दिसून आलें, असें दुसरी बाजू म्हणते. माझ्या मतें या दोन कारणांना वेगळें करतांच येणार नाहीं. दळलेला दगड कोठें व कसा ठेवावा याविषयीं लोक जितके जागरूक तितका खाणीचा खर्च वाढतो, आणि खर्च वाढला म्हणजे ०.३ चें खनिज पुन्हां नुसता दगड होतो. आज सबंध जगांतील खाणींतून जेवढें तांबें निघतें त्या मानानें पाहिलें तर राजाच्या रानांतील सर्व सहा लाख टन तांबें जगाला सुमारें दहा दिवस पुरेल. दहा दिवसांच्या तांब्यासाठीं तो डोंगर जावा असें मला वाटत नाहीं. परंतु हें मत पुण्यामुंबईंत बसून देणें स्वस्त आहे, हेंहि मी जाणून आहें. ज्याच्या मुलाची नोकरी त्यांत होती त्याचा कौल वेगळा पडला तर त्याला मी चूक म्हणणार नाहीं.

सोन्याच्या खाणींचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. ग्विनव्हनिध आणि क्लोगाय या दोन्ही खाणी मधून मधून उघडल्या, थोडें थोडें सोनें देऊन पुन्हां मिटल्या. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बंद झाल्या. अलीकडच्या वर्षांत एका कंपनीनें क्लोगायची तपासणी पुन्हां हातीं घेतली आहे. ती शोधते आहे ती पूर्वींचीच गोष्ट: गारगोटीची शीर काळ्या थराला जेथें छेदते ती जागा. दीडशें वर्षांपूर्वींच्या कामगारांचा नियम अजून मोडीत निघालेला नाहीं.

राजाच्या रानांत आज उंच सूचिपर्णी झाडें आहेत, आणि सायकलींवरून डोंगर उतरणाऱ्या हौशी तरुणांसाठीं तेथें वाटा केल्या आहेत. विंधणीच्या जागा झाडींत बुजून गेल्या. डोलव्रुइनोगची दलदल मात्र ओळखूं येते. तेथें पीट खरवडून नेलेल्या जमिनींत तांब्याचें प्रमाण इतकें आहे कीं, सामान्य गवत तेथें जीव धरीत नाहीं. त्या उघड्या मातींत थ्रिफ्ट नांवाचें एक लहान, गुलाबी फुलांचें झुडूप उगवतें. तें वास्तविक समुद्रकांठच्या खडकांवरचें झाड.  परंतु इतर झाडांना जें विष, तें या झाडाला सोसतें, आणि दर उन्हाळ्यांत तें तेथें फुलतें.